स्टँडवर अडकलेल्या माणसाला घरी पोचवायचं कसं

रात्री अकरानंतर कोल्हापूरच्या मध्यवर्ती बसस्थानकावर बाकावर बसलेल्या प्रत्येक माणसाची गाडी यायची असते असं नाही. काहींची गेलेली असते. काहींचं पाकीट गेलेलं असतं. एखाद्याला आपण कुठं उतरलोय हेच कळलेलं नसतं. मी एसटीत वाहतूक नियंत्रक होतो, म्हणजे खिडकीत बसून लोकांची बोलणी खाणारा माणूस. निवृत्त झाल्यावर दाभोळकर कॉर्नरजवळ मित्राच्या दुकानात संध्याकाळी बसायला लागलो. तिथं दोन रिक्षावाले, औषधाच्या दुकानातल्या एक ताई आणि आमच्या तालमीची चार पोरं असा गोतावळा जमला. अडकलेल्या माणसाला मार्गी लावायचं काम तेव्हापासून चालू आहे. पोरं म्हणाली, "काका, एकदा सगळं लिहून द्या." म्हणून हे लिहिलंय. दुसऱ्या गावच्या स्टँडवर कुणाला करायचं असेल तर त्यालाही उपयोगी पडेल.

आधी विचारायचं काय, ते सांगतो. नवीन पोरगा "काय झालं?" असं विचारतो. ते विचारू नका. माणूस थकलेला, घाबरलेला असतो. त्याला सगळी कहाणी पहिल्यापासून सांगावी लागते, आणि तुम्ही ती खरी की खोटी हे तपासत बसता. विचारायचं ते एवढंच, "तुमची वाट कोण बघतंय?" बायको, भाऊ, ठेकेदार, दवाखान्यातला पेशंट, कुणीतरी असतंच. त्या माणसाशी फोन जुळला की निम्मं काम झालं. पुढचं जेवण, चादर, तिकीट हे सगळं त्या दोघांची गाठ पडेपर्यंतची सोय आहे. आणि वाट बघणारं कुणीच नाही असं उत्तर आलं, तर हे प्रकरण आपल्या आवाक्याबाहेरचं आहे हेही तिथंच समजतं.

फोन आणि पैसे

फोन आपण लावायचा, आपल्या हातात ठेवायचा, स्पीकर चालू करायचा. अनोळखी माणसाच्या हातात आपला मोबाईल द्यायचा नाही. त्यात त्याचा अपमान नाही, "आवाज नीट येईल" म्हणायचं आणि लावायचा. ओटीपी आला तर तो कुणालाही वाचून दाखवायचा नाही, अगदी रडणाऱ्या म्हाताऱ्यालासुद्धा.

नंबर पाठ नसतो ही आता सगळ्यात मोठी अडचण. मोबाईल चोरीला गेला की माणसाला बायकोचा नंबर आठवत नाही. अशा वेळी गाव विचारा, गावातलं दुकान, पतसंस्था, दूध संस्था, शाळा विचारा. आमच्या जिल्ह्यात जवळपास प्रत्येक गावात दूध संस्था आहे, आणि तिचा सचिव पहाटे उठलेला असतो. नेटवर सरपंचाचा किंवा ग्रामपंचायतीचा नंबर बऱ्याचदा सापडतो. तोही नाही मिळाला तर त्या गावच्या पोलीस ठाण्याला फोन करून पोलीस पाटलापर्यंत निरोप द्यायचा. मराठवाड्यातून ऊसतोडीला आलेल्या माणसाच्या बाबतीत मुकादमाचा नंबर टोळीतल्या कुणाकडे तरी असतोच. फक्त मुकादमाशी त्याचं भांडण होऊन तो निघालेला नाही ना, एवढं आधी त्यालाच विचारा.

आता पैसे. रोख द्यायचे नाहीत, तिकीट काढून द्यायचं. हे सगळे सांगतात. पण दुसरी गोष्ट फारसं कुणी सांगत नाही, आणि पोरं तिथंच अडकतात. घरचा माणूस फोनवर म्हणतो, "तुमच्या खात्यावर दोन हजार टाकतो, त्याला रोख द्या." सरळ वाटतं. पण पलीकडून येणारा पैसा कुठून आला हे तुम्हाला माहीत नसतं. फसवणुकीचा पैसा फिरवायची हीही एक रीत आहे, आणि तसा निघाला तर तपासात तुमचं खातं गोठतं. मग तुम्हीच बँकेच्या आणि सायबर पोलिसांच्या दारात उभे. त्यापेक्षा घरच्यांनाच तिथून ऑनलाईन तिकीट काढायला सांगा, एसटीचं, रेल्वेचं, काय असेल ते. तिकिटाचा मेसेज तुमच्या मोबाईलवर येऊ दे, तुम्ही तो कंडक्टरला दाखवा. घरच्यांना जमत नसेल तर तिकीट तुमच्या पैशानं काढा आणि ते गेले असं समजा. परत येतात बऱ्याचदा, पण धरून चालायचं नाही.

रेल्वेच्या ई-तिकिटाला ओळखपत्र लागतं. पाकीट गेलं असेल तर डिजिलॉकरमधलं आधार चालतं. दुसऱ्याच्या मोबाईलवर ते उघडायला त्या माणसाचं सिमकार्ड हाताशी लागतं, त्यामुळं फक्त पाकीट गेलं असेल तरच हा मार्ग उपयोगाचा. मोबाईलही गेला असेल तर स्टेशनवर लोहमार्ग पोलिसांकडे किंवा हद्दीच्या पोलीस ठाण्यात तक्रार द्यायची आणि तिची प्रत जवळ ठेवायची. चोरी दुसऱ्या गावात झाली असली तरी तक्रार इथं घेता येते. "तिकडंच जा" असं कुणी म्हणालं तर शांतपणे दुसऱ्यांदा विचारायचं.

कोण कुठं अडकतो

कोल्हापूरचं रेल्वे स्टेशन, म्हणजे छत्रपती शाहू महाराज टर्मिनस, हे शेवटचं स्टेशन. रूळ इथंच संपतात. त्यामुळं आमच्याकडं एक खास गिऱ्हाईक येतं, मिरजेला उतरायचं होतं आणि झोप लागली. मुंबई-पुण्याकडून कोल्हापूरच्या गाडीनं येणाऱ्या माणसाला पुढं बेळगाव-हुबळीकडं जायचं असेल तर मिरजेला गाडी बदलावी लागते. तो सकाळी डोळे उघडतो तेव्हा डबा रिकामा आणि बाहेर कोल्हापूर. त्याला पहिल्यांदा सांगायचं की घाबरू नको, मिरज पन्नास किलोमीटरच्या आत आहे. दुसरं सांगायचं की टीसीनं धरायच्या आधी आपणच जाऊन सांग, कारण तिकिटापुढचा प्रवास झालेला आहे. मग परतीची गाडी लगेच असेल तर ती, नाहीतर सांगली-मिरजेची एसटी. बेळगावलाच जायचं असेल तर मिरजेला उलटं कशाला जायचं? स्टँडवरून निपाणीमार्गे बेळगावची बस मिळते, महाराष्ट्राची नाहीतर कर्नाटकची. नकाशा बघितला तर कुणालाही कळेल, पण झोपेतून उठलेल्या माणसाला नकाशा बघायचं भान नसतं.

दुसरा प्रकार मुक्कामी गाडी चुकलेल्यांचा. आजरा, चंदगड, राधानगरी, गगनबावडा या बाजूच्या खेड्यांत संध्याकाळी एक गाडी जाते, रात्री तिथंच मुक्काम करते आणि पहाटे परत येते. ती चुकली की सकाळपर्यंत काही नाही. सीपीआर या सरकारी दवाखान्यात पेशंटला भेटायला आलेली माणसं हमखास यात सापडतात. चौकशीच्या खिडकीवर "चंदगडला गाडी आहे का?" असं विचारलं की "नाही" एवढंच उत्तर येतं, आणि ते खरंही असतं. मी खिडकीत असताना तेच उत्तर देत होतो. विचारायचं असं, "गडहिंग्लजपर्यंत आहे का? तिथं नातेवाईक आहे, तो मोटारसायकल घेऊन येईल." मधला टप्पा गाठून दिला की पुढचं घरचे बघतात. शिवाय रंकाळा आणि संभाजीनगर ही शहरातलीच वेगळी स्टँडं आहेत हे पाहुण्याला ठाऊक नसतं. गाडी तिकडून सुटणार असते आणि हा इकडं बसलेला असतो. अशाला रिक्षात घालायचं, बाकी काही करायची गरज नाही.

एसटी वाटेत बंद पडली असेल तर त्याच तिकिटावर पुढच्या गाडीत बसवायची जबाबदारी एसटीची. पुन्हा तिकीट काढायचं नाही. महिलांना राज्यात एसटीचं तिकीट अर्ध्यात आहे, २०२३ च्या मार्चपासून. पंचाहत्तरीच्या पुढच्यांना फुकट, पण वयाचा पुरावा लागतो. हे हिशोबात धरलं की तिकिटाचा खर्च वाटतो तेवढा होत नाही.

तिसरा प्रकार तावडे हॉटेलचा. बाहेरगावच्या माणसानं हे नाव ऐकून तिथं जेवायला जाऊ नये, महामार्गावरून शहरात वळायचा तो चौक आहे. बंगळूर-गोव्याकडं जाणाऱ्या खासगी ट्रॅव्हल्स पहाटे तीन-चारला प्रवाशाला तिथं उतरवतात आणि निघून जातात. कुणी ढाब्यावर लघुशंकेला उतरलेला असतो आणि गाडी गेलेली असते, बॅग गाडीतच. अशा वेळी तिकिटाच्या मेसेजमध्ये ड्रायव्हरचा किंवा ऑफिसचा नंबर बघायचा, गाडीचा नंबर लिहून घ्यायचा आणि गाडीला परत बोलवायच्या भांडणात वेळ घालवायचा नाही. ती परत येत नाही. "निपाणीला किंवा बेळगावला तुमच्या ऑफिसात बॅग उतरवून ठेवा, माणूस मागून येतोय" एवढं कबूल करून घ्या. ड्रायव्हर फोन उचलत नसेल तर ११२ ला कळवा. महामार्गावर गाडी बिघडून कुणी उभा असेल तर १०३३ हा महामार्गाचा नंबर आहे.

विमानतळाचं आम्हाला फार काम पडत नाही. उजळाईवाडीला टर्मिनलच्या आत तिकिटाशिवाय जाता येत नाही, आणि विमानानं येणाऱ्याच्या खिशात सहसा कार्ड असतं. त्याला मदत लागते ती माहितीची. विमान रद्द झालं तर दुसरं विमान किंवा पूर्ण पैसे, यातलं एक निवडायचा हक्क प्रवाशाचा. आपल्याकडच्या छोट्या पल्ल्याच्या विमानाला दोन तासांवर उशीर झाला तर थांबलेल्याला खाणंपिणं कंपनीनं द्यायचं असतं. हवामानामुळं रद्द झालं तर वेगळी भरपाई मिळत नाही, त्यावर काउंटरवर वाद घालून उपयोग नाही. मुंबईला दुसऱ्या दिवशी पोचायचंच असेल तर रात्रीची महालक्ष्मी एक्सप्रेस किंवा एसटी बघायची. विमानानंच जायचं असेल तर बेळगावचं सांबरा आहे. आमचा रिक्षावाला म्हणतो, "विमानातली माणसं आभार लई मानतात, पण भाड्याला घासाघीस तेवढीच."

रेल्वेचं थोडं सांगतो. गाडी तीन तासांहून जास्त उशिरा असेल आणि जायचं नसेल तर पूर्ण पैसे परत मिळतात, पण गाडी सुटायच्या आत ते करावं लागतं. ई-तिकीट असेल तर टीडीआर, म्हणजे पैसे परत मागायचा ऑनलाईन अर्ज, भरायचा, खिडकीचं असेल तर खिडकीवर परत द्यायचं. गाडीच रद्द झाली तर ई-तिकिटाचे पैसे आपोआप येतात. खिडकीच्या तिकिटाचे येत नाहीत, तिकीट घेऊन जावं लागतं. परप्रांतीय कामगारांकडं बऱ्याचदा खिडकीचंच तिकीट असतं आणि ते वैतागून फाडून टाकतात. फाडू देऊ नका. रेल्वेचं काहीही असेल तर १३९.

खायला काय द्यायचं

मिसळ नको. आपल्याकडं पाहुणा आला की पहिली मिसळ, हे मला मान्य आहे. पण दिवसभर उपाशी, उन्हातून आलेल्या, रात्रभर प्रवास करायचा असलेल्या माणसाला कट पाजला तर पुढचा त्रास बसमधल्या सगळ्यांना होतो. इडली, दहीभात, केळी, बिस्किटं. उलट्या-जुलाब असतील तर ओआरएस आणि औषधवाल्या ताईंचा सल्ला, त्याहून जास्त असेल तर १०८. दुपारची वेळ असेल आणि माणूस चालू-फिरू शकत असेल तर अंबाबाईच्या देवळाजवळच्या अन्नछत्रात पाठवा. तिथं कुणी कहाणी विचारत नाही.

दुकानात आमची एक पिशवी टांगलेली असते. त्यात दोन चादरी, पाण्याच्या बाटल्या, ओआरएसच्या पुड्या, सॅनिटरी पॅड, पेन, सुटे पैसे, पॉवर बँक, आणि दोन्ही जातींच्या चार्जिंगच्या वायरी, जुनी आणि नवी. साध्या बटणाच्या फोनची बारीक पिनही ठेवा, म्हाताऱ्या माणसांकडं तोच फोन असतो. पिशवीत पुठ्ठ्याचे काही तुकडे आहेत. "रेल्वे स्टेशन", "बसस्थानक", "दवाखाना", "घरी फोन करायचाय का?" हे त्यावर कानडी, तेलुगू आणि हिंदीत लिहिलंय. कानडी आमच्यातल्या निपाणीच्या पोरानं लिहून दिलं. तेलुगू लिहायला तिरुपतीहून हरिप्रिया एक्सप्रेसनं आलेल्या एका शिक्षकाला बसवलं, त्यांनी अक्षर फार सुंदर काढून दिलं.

प्लॅटफॉर्मवर जायचं तर दहा रुपयांचं प्लॅटफॉर्म तिकीट काढूनच जा. आत जाऊन जेवणाची पाकिटं वाटायची असतील तर स्टेशन व्यवस्थापकाला आधी विचारा. स्टँडवरही कंट्रोलरला, म्हणजे वाहतूक नियंत्रकाला, सांगून करा. त्याला न विचारता मदत करणारी माणसं त्याला आवडत नाहीत, हे मी खात्रीनं सांगू शकतो.

जिथं आपण हात घालायचा नाही

एकटं लहान मूल दिसलं तर त्याला घरी न्यायचं नाही. जेवायला घालून सकाळी बघू, असंही नाही. तिथंच बसायचं, १०९८ किंवा ११२ ला फोन करायचा, स्टेशनवर असाल तर रेल्वे पोलिसांना हाक मारायची आणि ते येईपर्यंत मुलाजवळ थांबायचं. मूल बालकल्याण समितीसमोर जातं, तिथून घरच्यांचा शोध लागेपर्यंत राहायची सोय होते. आपल्या शहरात बालकल्याण संकुल आहे, मूल रस्त्यावर पडत नाही. अठरा वर्षांच्या आतलं सगळं यात आलं. सतरा वर्षांची मुलगी "मी मोठी आहे" म्हणाली तरीही.

एकटी बाई असेल तर आमच्यातला पुरुष एकटा बोलायला जात नाही. औषधवाल्या ताई जातात, नाहीतर तालमीतल्या एखाद्या पोराची आई. नवऱ्याच्या मारहाणीतून निघून आलेली असेल तर "घरी कोण वाट बघतंय?" हा प्रश्न पहिल्यांदा विचारायचाच नाही. माझा नियम इथं मोडतो. माहेरी जायचंय का, मैत्रिणीकडं जायचंय का, कुठं सुरक्षित वाटेल, हे विचारायचं. १८१ वर सखी केंद्राची मदत मिळते. तिच्या नवऱ्याचा फोन आला तर ती इथं आहे हे सांगायचं नाही, मग तो कितीही गोड बोलू दे.

नाव-गाव सांगता न येणारे म्हातारे अलीकडं वाढलेत. खिसे तपासताना त्यांनाच विचारून, दुसऱ्या माणसासमोर तपासा. शर्टाच्या कॉलरवर शिंप्याचं नाव असतं, औषधाच्या चिठ्ठीवर डॉक्टरचा नंबर असतो, आणि तोच सगळ्यात लवकर घर गाठून देतो. १४५६७ हा ज्येष्ठांसाठीचा नंबर. मनानं आजारी असलेला माणूस भटकताना दिसला तर पोलिसांना कळवायचं. त्याला दवाखान्यापर्यंत नेणं हे कायद्यानं त्यांचं काम आहे, त्याला हाकलणं नव्हे.

पूर आला की

वर लिहिलेलं सगळं रोजच्या दिवसांचं. जुलै-ऑगस्टमध्ये पंचगंगा चढायला लागली की गणित बदलतं. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट धोका पातळी. कोल्हापूरकर पावसाळ्यात एकमेकांना "जेवलास का" विचारायच्या आधी "किती फूट?" विचारतात. ३९ झालं की आम्ही दुकानात बसून रस्त्यांची यादी करतो. गगनबावड्याच्या रस्त्यावर मांडुकलीला पाणी येतं, रत्नागिरीच्या रस्त्यावर केर्लीला. म्हणजे कोकणात जाणारा आधी अडकतो. त्याला "थांब, उतरेल पाणी" म्हणण्यापेक्षा त्याच दिवशी दुसरी वाट असेल तर तिकडं काढून द्या. उद्या तीही नसते. २०१९ आणि २०२१ ला शिरोलीजवळ महामार्गावर पाणी आलं, रुकडीच्या पुलामुळं मिरजेची रेल्वे थांबली, आणि शहरातून बाहेर पडायला वाट उरली नाही.

तेव्हा स्टँडवर अडकलेल्यांची सोय झाली, कारण ते डोळ्यांसमोर होते. मठ, बोर्डिंगं म्हणजे विद्यार्थ्यांची वसतिगृहं, मंगल कार्यालयं उघडली. दसरा चौकातली ती वेगवेगळ्या समाजांची बोर्डिंगं शाहू महाराजांनी खेड्यातल्या पोरांना शिकायला यावं म्हणून उभी केली, आणि पुरात तिथं कुणाची जात कुणी विचारली नाही. खरी पंचाईत महामार्गावर रांगेत उभ्या असलेल्या ट्रकवाल्यांची होती. त्यांना छावणीत या म्हणून उपयोग नाही, माल सोडून ड्रायव्हर हलत नाही. जेवण त्याच्यापर्यंत न्यावं लागतं. पहिल्या दिवशी सगळे खिचडी नेतात, दुसऱ्या दिवशीही खिचडी, तिसऱ्या दिवशी तो ती बघतसुद्धा नाही. बऱ्याच ड्रायव्हरांकडं केबिनमध्ये स्टोव्ह आणि पातेलं असतं. त्यांना तांदूळ, पीठ, डाळ, कांदे, तेल आणि हिरव्या मिरच्या द्या, ते आपल्या चवीचं करून खातात. पंजाबचा असेल, तमिळनाडूचा असेल, त्याला आपल्या घरच्या जेवणाची आठवण आलेली असते. त्याशिवाय लागतं ते पिण्याचं पाणी, साबण, रक्तदाबाच्या आणि मधुमेहाच्या गोळ्या, आणि संडासची सोय. शेवटची गोष्ट कुणालाच सुचत नाही. रांगेच्या जवळचा पेट्रोल पंप, शाळा किंवा कारखाना गाठून तिथल्या मालकाला विनंती करा, ड्रायव्हरांना ठरलेल्या वेळी आत सोडा म्हणून.

जुने कपडे गोळा करू नका. दरवेळी ढीग पडतो आणि नंतर तो उचलायलाच माणसं लागतात. काय लागतंय हे जिल्ह्याच्या आपत्ती कक्षाला १०७७ वर विचारा आणि तेवढंच न्या. लोकांकडून पैसे गोळा करायचे असतील तर स्वतःच्या खात्याचा क्यूआर कोड मोबाईलवर फिरवू नका. नोंदणी असलेल्या एखाद्या मंडळामार्फत करा आणि धर्मादाय कार्यालयात विचारून करा. आम्ही तर वस्तूच घेतो. किराणा दुकानदाराकडं लोक परस्पर पैसे भरतात, आम्ही पावतीवर पोती उचलतो. हिशोब त्याच्या वहीत, आमच्या डोक्याला ताप नाही.

गाडीत बसवल्यावर

माणूस गाडीत बसला की घरच्यांना गाडीचा नंबर, सीट आणि पोचायची वेळ कळवा. कंडक्टरला बाजूला घेऊन सांगा, "हे काका अमुक ठिकाणी उतरणार, झोपले तर उठवा." कंडक्टर उठवतो. वाटेत गाडी बदलायची असेल तर तिथल्या स्टँडच्या कंट्रोलरला फोन करता आला तर उत्तम. माझी जुनी ओळख इथं कामाला येते. तुमची नसेल तर एकदा जाऊन चहा घेऊन या.

फोटो काढायचा नाही. मदत घेताना माणसाचा चेहरा कसा होतो ते त्याच्या गावाला, पाहुण्यांना दिसायचं काही कारण नाही. तालमीच्या पोरांना स्टेटस ठेवायची हौस असते, त्यांना सांगितलंय की रिकाम्या पिशवीचा ठेवा, म्हणजे कुणीतरी भरून देईल.

एक वही मात्र ठेवा. तारीख, कुठून आला, कुठं जायचं होतं, कुठल्या गाडीनं गेला, किती खर्च झाला. नाव लिहायचं नाही, आणि घरच्यांचा नंबर माणूस पोचल्याचं कळलं की खोडायचा. महिन्याच्या शेवटी वही चाळली की कुठली गाडी सारखी चुकतेय, कुठं थांबा हवाय हे दिसतं, आणि ते आगारप्रमुखांना लेखी देता येतं. नवीन पोरगा आला की मी पहिल्यांदा त्याला ही वही नीट उतरवून काढायला बसवतो. अर्ध्या जिल्ह्याचं वेळापत्रक त्यातच पाठ होतं.